आपल्या बिल्डिंगची नोंद विश्वकोशात हवी का?



दहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात 'ऐतिहासिक ठेव्यांचे जतन' हे प्रकरण आहे. त्यात कोशवाङ्मयाची ओळख करून दिली आहे. आपण ते शिकवतो, मुलं शब्दकोश-विश्वकोश यांतला फरक पाठ करतात आणि परीक्षेत लिहून मोकळी होतात. पण विश्वकोशात काय येतं आणि काय येत नाही, आणि ते ठरवतं कोण, हा प्रश्न मात्र राहूनच जातो. खरं तर तोच महत्त्वाचा आहे.

हा प्रश्न समजावून सांगायला उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरइतका चांगला परिसर शोधून सापडणार नाही. अंबरनाथला साडेनऊशे वर्षांहून जुनं शिवमंदिर आहे. उल्हासनगर फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं शहर आहे. आणि बदलापूरला गाडीतून उतरलं की दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथे टॉवर आहेत. मुलांना मंदिराची माहिती कोशात सापडते. स्वतःच्या टॉवरचं नाव टाकलं की मात्र फ्लॅट विकण्याच्या जाहिराती येतात. मग मुलं साहजिकच विचारतात, "आमच्या टॉवरची नोंद का नाही? आम्ही एवढी माणसं राहतो की इथे!"

"ती काय प्रसिद्ध आहे का?" असं म्हणून हा प्रश्न उडवून लावू नका. या एका प्रश्नावर दोन-तीन तासिकांचं शिक्षण सहज होतं. कसं ते बघू.

विश्वकोश म्हणजे यादी नव्हे

मराठीला कोशांची मोठी परंपरा आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' २३ खंडांत पुरा केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून 'मराठी विश्वकोश' निघाला, त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि तिथे कोणीही भर घालू शकतो.

छापील कोशाला पानांची मर्यादा होती. एक नोंद घ्यायची तर दुसरी गाळावी लागे. संगणकावर ती अडचण राहिली नाही. मग सगळ्याच इमारती का घेऊ नयेत? कारण अडचण कागदाची कधीच एकटी नव्हती. खरी अडचण दोन गोष्टींची आहे : लिहिलेलं खरं आहे हे पडताळायचं कसं, आणि उद्या बदल झाला तर ते दुरुस्त करायचं कोणी.

इथे फळ्यावर चार रकाने आखा आणि मुलांना फरक दाखवा.

- जाहिरात : विकणाऱ्याने विकण्यासाठी लिहिलेली माहिती. "स्टेशनपासून पाच मिनिटं" हे तिचं आवडतं वाक्य. ही पाच मिनिटं कोणाच्या पायाने, ते ती सांगत नाही.
- यादी किंवा निर्देशिका : नाव, पत्ता, क्रमांक. यात सगळ्यांना जागा असते, पण अर्थ लावलेला नसतो.
- दप्तर : मूळ कागद. सात-बारा, बांधकाम परवानगी, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त.
- विश्वकोश : इतरांनी आधी अभ्यासून, तपासून छापलेल्या माहितीचं सार.

चौथ्या रकान्यातला 'आधी' हा शब्द ठळक करा. विश्वकोश स्वतः शोध लावत नाही. जे कुठेच लिहिलं गेलेलं नाही, ते पहिल्यांदा विश्वकोशात लिहिता येत नाही.

कसोटी कोणती?

विकिपीडियावर या कसोटीला 'उल्लेखनीयता' म्हणतात. सोप्या भाषेत तिचे तीन प्रश्न होतात.

१. या विषयावर कोणी सविस्तर लिहिलं आहे का? नुसता नावाचा उल्लेख चालत नाही.
२. लिहिणारा विषयापासून स्वतंत्र आहे का? बिल्डरची पुस्तिका चालत नाही, सोसायटीची स्मरणिकाही नाही.
३. लिहिणारा भरवशाचा आहे का? म्हणजे तपासून छापणारा आहे का?

इमारतींच्या बाबतीत नियम थोडा जास्त स्पष्ट आहे. ऐतिहासिक, सामाजिक, आर्थिक किंवा वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्व असेल तर इमारतीला नोंद मिळू शकते, पण ते महत्त्व स्वतंत्र लेखनातून दिसलं पाहिजे. उंची, किंमत, मजल्यांची संख्या आणि राहणाऱ्यांची श्रीमंती या गोष्टी आपोआप पात्रता देत नाहीत. मुलांना हे ऐकून आश्चर्य वाटतं, कारण त्यांच्या लेखी 'मोठं' म्हणजे 'महत्त्वाचं'.

आता ही कसोटी आपल्या तीन गावांना लावू.

*अंबरनाथचं शिवमंदिर.* वालधुनी नदीकाठचं हे शिलाहारकालीन देऊळ. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० असा काळ मिळतो. केंद्र शासनाचं संरक्षित स्मारक. एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांनी त्यावर लिहिलं आहे. तिन्ही प्रश्नांना उत्तर 'हो'.

*उल्हासनगरच्या बराकी.* दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला कल्याणचा लष्करी तळ फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना राहायला दिला गेला. सुमारे एक लाख माणसं इथे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं. आजही पत्ता सांगताना लोक 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असंच म्हणतात. आता कसोटी लावा. प्रत्येक बराकीवर स्वतंत्र लेखन नाही, पण छावणीवर आणि शहरावर भरपूर आहे. म्हणून नोंद शहराला मिळते, बराक तिच्या आत येते. हे उत्तर लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

*बदलापूरचा एखादा टॉवर.* जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती, ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. ही माणसं राहायला गेली ती याच इमारतींत. म्हणजे सगळे टॉवर मिळून फार मोठी गोष्ट घडली आहे. पण एक टॉवर घेतला तर त्यावर बिल्डरच्या जाहिरातीशिवाय कोणी काही लिहिलेलं नसतं. तिन्ही प्रश्नांना उत्तर 'नाही'.

साध्या राहत्या इमारतींना नोंद मिळते, पण कधी?

राहत्या इमारतींना कोशात बंदी आहे असं नाही. उदाहरणं पाहिली की वाटा चार दिसतात.

पहिली वाट *वास्तुकलेची*. मुंबईच्या कंबाला हिलवरची 'कांचनजंगा' ही चार्ल्स कोरिया यांनी रचलेली, १९८३ मध्ये पूर्ण झालेली इमारत. मजले २८ आणि फ्लॅट अवघे ३२. तिचे खोल, दुमजली उंचीचे गच्चीवजा कोपरे ऊन-पाऊस अडवतात आणि वारा आत घेतात. दमट हवेत उंच घर कसं बांधावं, यासाठी आर्किटेक्चरचे विद्यार्थी आजही तिचा अभ्यास करतात.

दुसरी वाट *घटनेची*. गिरगावातली केशवजी नाईक चाळ ही तशी चाळच. पण १८९३ मध्ये मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव तिथे सुरू झाला, म्हणून तिचं नाव इतिहासात गेलं.

तिसरी वाट *समूहाची*. बी.डी.डी. चाळी १९२०च्या दशकात कामगारांसाठी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून त्या २०७ होत्या. त्यातली अमुक नंबरची चाळ कोणी वेगळी अभ्यासत नाही, पण सगळ्या मिळून त्या मुंबईच्या कामगार इतिहासाचा कणा आहेत. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाजवळच्या आर्ट डेको इमारतींचंही तसंच. त्यांतल्या बहुतेक राहत्या इमारती, साधे फ्लॅट. २०१८ मध्ये युनेस्कोने ९४ इमारतींचा जो समूह जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, त्यात त्या आहेत.

चौथी वाट *दुर्घटनेची*. लंडनचा 'रोनन पॉइंट' हा २२ मजली, अगदी सामान्य टॉवर. १६ मे १९६८ रोजी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. चार जण दगावले. एक भिंत गेली म्हणून सगळे मजले खाली येता कामा नयेत, हा विचार त्यानंतर तिथल्या बांधकाम नियमांत आला. लंडनचाच २४ मजली 'ग्रेनफेल टॉवर'. १४ जून २०१७ च्या आगीत ७२ माणसं गेली. त्याआधी त्या इमारतीचं नाव शहराबाहेर कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

गंमत बघा, पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' ही चाळ कधी अस्तित्वातच नव्हती, तरी तिच्यावर लिहिता येतं. कारण ते एक पुस्तक आहे आणि त्या पुस्तकावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. उलट खरीखुरी, हजार माणसांची इमारत मात्र कोऱ्या कागदासारखी राहते. कोशाची कसोटी 'खरं आहे का' एवढ्यावर थांबत नाही. 'त्यावर कोणी लिहिलं आहे का' असंही ती विचारते.

गावाला नोंद, मग टॉवरला का नाही?

हुशार मुलं इथे अडवतात, आणि अडवायलाच हवं. दोनशे वस्तीच्या पाड्याला नोंद मिळते, मग दोन हजार वस्तीच्या गृहसंकुलाला का नाही?

उत्तर माणसांच्या संख्येत नाही, कागदात आहे. गावाला जनगणनेचा क्रमांक असतो, महसुली हद्द असते, दर दहा वर्षांनी त्याची मोजणी व्हावी अशी व्यवस्था असते. ब्रिटिश काळात ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर १८८२ मध्ये निघालं, त्यात गावांची वर्णनं आली. म्हणजे गावाबद्दल, गावाशी देणंघेणं नसलेल्या कोणीतरी सतत लिहीत आलं आहे. संकुलाबद्दल असं कोणी लिहीत नाही.

'महारेरा'च्या संकेतस्थळावर माहिती असते, हे खरं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट असलेल्या नव्या प्रकल्पाला तिथे नोंदणी करावीच लागते. पण ती माहिती बिल्डरनेच भरलेली असते. ती दप्तर म्हणून मोलाची आहे, स्वतंत्र अभ्यास म्हणून नाही. पहिल्या तासाला आखलेले चार रकाने इथे पुन्हा दाखवा. मुलांना फरक लगेच कळतो.

आता दुसरी बाजू

इथवर वाचून वाटेल की प्रश्न मिटला. साध्या टॉवरला नोंद नको, विषय संपला. पण तसं नाही.

एक तर आजचं साधं उद्या साधं राहत नाही. मरीन ड्राइव्हच्या इमारती १९३०-४०च्या सुमारास भाड्याने देण्याचे फ्लॅटच होते. त्यांचे नकाशे आणि कागद कोणीतरी जपले, म्हणून पुढे अभ्यास झाला. कागद गेले असते तर अभ्यासकाच्या हाती दगड-सिमेंटच राहिलं असतं.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. आपल्या भागात साधी इमारत कोणाच्या नजरेत येते कधी? कोसळते तेव्हा. उल्हासनगरमध्ये २८ मे २०२१ च्या रात्री 'साई सिद्धी' इमारतीचा स्लॅब कोसळून ७ माणसं गेली. त्याच महिन्यात आधी आणखी एका इमारतीत असंच झालं होतं. बातमीत पहिला प्रश्न असतो : इमारत किती सालची? परवानगी होती का? आणि तिथे राहणाऱ्यांनाच याचं उत्तर ठामपणे देता येत नाही.

याला इतिहास आहे. उल्हासनगरच्या ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गाजला, आणि २००६ मध्ये राज्याला या एका शहरासाठी अनधिकृत बांधकामं नियमित करण्याचा वेगळा कायदा करावा लागला. ८५५ हा आकडा नुसता वाचला तर काही वाटत नाही. पण प्रत्येक इमारतीत वीस-पंचवीस घरं धरली तरी किती कुटुंबांचा जीव टांगणीला लागला असेल, याचा गुणाकार वर्गात करून घ्या.

म्हणजे साध्या इमारतीची माहिती *महत्त्वाची नाही* असं म्हणताच येत नाही. ती विश्वकोशात बसत नाही, एवढंच. या दोन वाक्यांतलं अंतर मुलांना समजलं, तर हा पाठ यशस्वी झाला असं मी समजते.

ग्रेनफेलची गोष्ट इथे पुन्हा आठवा. तिथल्या रहिवाशांनी आगीच्या धोक्याबद्दल आधीपासून लिहून ठेवलं होतं. ते कोणत्याही विश्वकोशात नव्हतं, रहिवाशांच्या स्वतःच्या नोंदींत होतं. आगीनंतर जगाने तेच वाचलं.

मग माझं उत्तर काय?

प्रत्येक टॉवरला स्वतंत्र नोंद नको. ती दिली तर तीन गोष्टी होतील. जाहिरातीचा मजकूर माहितीच्या वेषात आत येईल. चुका दुरुस्त करायला कोणी नसेल. आणि जिथे राहणाऱ्यांचे खासगी तपशील येऊ नयेत, तिथे ते यायला लागतील.

पण बराकीचं उत्तर आठवतंय ना? तेच इथे लागू पडतं. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या शहरांच्या नोंदींत 'घरं आणि वस्ती' असा चांगला भाग हवा. बैठी घरं, वाडे, बराकी, चाळी, तीन-चार मजली इमारती आणि मग टॉवर हा बदल कसा झाला? लोक मुंबई-ठाणे सोडून इकडे का आले? पाणी कुठून येतं? उल्हास नदीवरचं बदलापूरचं बॅरेज धरण यात येईल. पूर आला की काय होतं? २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते यात येईल. यावर स्वतंत्र लेखन आहे, बातम्या आहेत, जनगणना आहे. एका टॉवरवर चार ओळी लिहिण्यापेक्षा हे शंभर पटींनी उपयोगी आहे.

आणि स्वतःच्या इमारतीची नोंद? ती हवीच, पण विश्वकोशात नाही. ती शाळेच्या वहीत आणि सोसायटीच्या कपाटात हवी.

वर्गात करून पाहा : 'माझी इमारत' नोंदवही

आठवी ते दहावीसाठी चार आठवड्यांचा उपक्रम. जी मुलं चाळीत, बैठ्या घरात किंवा बराकीत राहतात त्यांनाही हाच उपक्रम, हेच प्रश्न. टॉवरमधल्या मुलांचा प्रकल्प म्हणजे मोठा, असं चित्र वर्गात होऊ देऊ नका.

*पहिला आठवडा – डोळ्यांनी दिसणारं.* मजले, जिने, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या, आग विझवण्याचं साहित्य, पावसाळ्यात कुठे ओल येते. मुलांनी स्वतः मोजायचं. अंदाज असेल तर समोर 'अंदाज' लिहायचं.

*दुसरा आठवडा – माणसांकडून.* सगळ्यात जुन्या रहिवाशाला विचारा : तुम्ही आलात तेव्हा इथे आधी काय होतं? भातशेती, वीटभट्टी, जुनं घर की मोकळं रान? दोन वेगळ्या माणसांना हाच प्रश्न विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहा.

*तिसरा आठवडा – कागदातून.* पालकांच्या मदतीने पाहा : बांधकाम परवानगी आहे का, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी आहे का, सोसायटीची नोंदणी कोणत्या साली झाली. एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९८३ ते १९९२ या काळात अंबरनाथ आणि बदलापूर कल्याण महापालिकेत होते. त्या वर्षांतल्या इमारतीच्या कागदावर आजच्या नगरपालिकेचा शिक्का दिसला नाही तर गोंधळू नका.

*चौथा आठवडा – लेखन.* दीडशे शब्दांची नोंद. प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर : पा (पाहिलं), ऐ (ऐकलं), का (कागदात वाचलं). 'भव्य', 'आलिशान', 'निसर्गरम्य' या शब्दांना बंदी. हे शब्द काढले की कितीतरी मुलांच्या लक्षात येतं की उरलेलं काहीच आपल्याला माहीत नव्हतं.

एक पथ्य मात्र पाळा. नोंदवहीत कोणाचं नाव, फ्लॅट क्रमांक, फोन नंबर किंवा घराची किंमत लिहायची नाही. 'जुने रहिवासी, वय सत्तरच्या पुढे' एवढं पुरे. आणि ही वही शाळेतच ठेवा, इंटरनेटवर टाकू नका.

पालकांसाठी दोन शब्द

मुलं ओसी म्हणजे काय, स्ट्रक्चरल ऑडिट झालं का, असं विचारायला लागली की घरात थोडी शांतता पसरते. ओरडू नका. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं बंधनकारक आहे, आणि १९९० च्या आसपासच्या आपल्या कितीतरी इमारती आता त्या वयात आल्या आहेत. तेव्हा "माहीत नाही, पुढच्या सभेत विचारू" हेही प्रामाणिक उत्तर आहे. फक्त मग खरोखर विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

आपल्या इमारतीचं नाव विश्वकोशात नाही याचं मुलांना वाईट वाटलं, तर त्यांना वर दिलेल्या चार वाटा पुन्हा वाचून दाखवा. चौथ्या वाटेने नाव होऊ नये यासाठी जे करायचं ते विश्वकोशाच्या संपादकांच्या हातात नाही, आपल्या सोसायटीच्या हातात आहे. त्याची सुरुवात इमारतीचे कागद एका फाइलमध्ये, एका ठिकाणी ठेवण्यापासून होते.

उपक्रम केलात तर मुलांनी कागद शोधताना काय काय सापडलं ते नक्की कळवा. पुढच्या लेखात 'ऐकलेलं आणि वाचलेलं जुळलं नाही तर काय लिहायचं' हा मुद्दा उदाहरणांसह घेऊ.